मनाचे आरोग्य, वाचकांचे प्रश्न : डॉक्टर नसतील तेथे उपचार कोण करणार?

प्रश्न : मी विदर्भातील एका गावात आशा स्वयंसेविका आहे. आम्हाला प्रशिक्षणात सांगण्यात आले की, गरीब देशांत थोडे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायकाही नैराश्याच्या रुग्णांचे समुपदेशन करतात आणि रुग्ण बरे होतात. हे खरोखर उपचार आहेत, की डॉक्टर मिळत नाहीत म्हणून गरिबांच्या पदरात टाकलेली तडजोड? शिवाय लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी आणि निरनिराळ्या पाहण्या सांभाळून आम्ही हे कधी करायचे?

उत्तर : ताई, हे खरे उपचार आहेत, असे मी पूर्ण विश्वासाने सांगतो. मात्र तुमचा दुसरा प्रश्न सोडवल्याशिवाय ते फार दिवस टिकत नाहीत.

झिम्बाब्वेमध्ये २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी राजधानी हरारेतील म्बारे या दाट वस्तीत काम सुरू केले, तेव्हा सुमारे सव्वा कोटी लोकसंख्येच्या त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम डझनभर होते. त्यांना ना खोली मिळाली, ना परिचारिका. मिळाल्या त्या वस्तीतच आरोग्याचे काम करणाऱ्या १४ आज्या, आणि बसायला दवाखान्याच्या आवारातला लाकडी बाक. त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हटले तेव्हा लोक त्यावर बसायला धजावेनात; म्हणून त्याला मैत्रीचा बाक म्हणावे, असे आज्यांनीच सुचवले. त्यांनी नैराश्य हा शब्दही बाजूला ठेवला आणि शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे ‘फार विचार करत राहणे’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द धरला. आजी १४ प्रश्नांची एक प्रश्नावली विचारते, समोरच्या व्यक्तीला तिच्या सगळ्या अडचणी मोकळेपणाने सांगू देते, मग त्यांतली एकच निवडायला लावते आणि तिच्यावर काय करता येईल हे त्या व्यक्तीकडूनच काढून घेते. अशा साधारण सहा बैठका होतात. हरारेतील २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात सहा महिन्यांनंतर जवळजवळ निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणे होती, तर बाकावर बसलेल्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांहून कमी होते. एवढा फरक दाखवणाऱ्या उपचाराला तडजोड म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याकडेही याचा अनुभव आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेले समुपदेशक नेमले आणि तेथील रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तुमच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा गावपातळीवरील मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४ टक्क्यांच्या आसपास लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेले.

या कामांचे कौतुक होते तेव्हा बाकाचे छायाचित्र छापले जाते, पण त्या बाकामागे उभी असलेली माणसे त्यात दिसत नाहीत, याची मला खंत वाटते. गोव्यातील समुपदेशक आपल्या बैठकांच्या ध्वनिमुद्रिका गटात बसून एकत्र ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. चुका तेथे उघड होत आणि दिवसभर दुसऱ्यांचे दुःख ऐकून जड झालेले मनही तेथेच हलके होई. ‘विश्राम’मध्ये गावात जागृती करणारे कार्यकर्ते निराळे होते, समुपदेशक निराळे होते आणि गंभीर रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ होते. हे सगळे काम एकाच बाईच्या पिशवीत आणखी एक नोंदवही म्हणून कोंबले, तर नोंदवही भरेल, रुग्ण मात्र बरा होणार नाही.

म्हणून मासिक बैठकीत तीन गोष्टी निःसंकोचपणे विचारा : आमच्या अडचणी दर आठवड्याला कोण ऐकणार, आरोग्य केंद्रात औषधे अखंड मिळणार का, आणि या कामाचा वेगळा मोबदला किती? त्यांची उत्तरे मिळेपर्यंत त्रासलेले माणूस ओळखणे आणि त्याला योग्य ठिकाणी पोचवणे एवढेही तुम्ही केलेत, तरी ते मोलाचे आहे. मरणाची भाषा करणारा, नसलेले आवाज ऐकू येणारा किंवा दिवसेंदिवस न झोपता भलत्याच उत्साहात असणारा रुग्ण मात्र समुपदेशनावर ठेवू नका. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : सरकारने मनोरुग्णालयांतील खाटा वाढवल्या, तर हा प्रश्न सुटणार नाही का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, काही रुग्णांना रुग्णालयात ठेवावेच लागते, पण पैसा आधीच तेथे एकवटलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार सरकारे आरोग्यावरील खर्चाचा सरासरी २ टक्के भाग मानसिक आरोग्यासाठी देतात, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही सुमारे ७० टक्के पैसा मनोरुग्णालयांवरच खर्च होतो. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूर गाठायचे तर रुग्णाची आणि त्याच्यासोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला औषध बंद पडते. श्रीलंकेने २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीचा ओघ आणि लोकांचे लक्ष यांचा उपयोग करून सेवा जिल्ह्यांत नेल्या. त्सुनामीपूर्वी १० जिल्ह्यांत असलेली मानसिक आरोग्य सेवेची व्यवस्था काही वर्षांत २७ पैकी २० जिल्ह्यांत पोचली. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारांची औषधे कोणत्या दिवशी आणि कोणाकडून मिळतात, याची चौकशी आपण केलीत, तर तेथील उत्तर मला अवश्य कळवा.