हुरडा पार्टीत ओळखी कशा वाढवाव्यात?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. जानेवारीत कंपनीची हुरडा पार्टी असते. साहेब लोक येतात, पण मी ताट घेऊन कोपऱ्यात बसतो. काय करू?

उत्तर : ताट घेऊन बसूच नका, आगटीपाशी, म्हणजे कणसं भाजतात त्या विस्तवापाशी जा. हुरडा गरमच खायचा असतो, गार झाला की चिवट होतो. म्हणून साहेबही तिथंच घुटमळतात. अर्धा तास आधी पोहोचा. तेव्हा चार-पाच माणसंच असतात. नंतर घोळके जमतात आणि आत शिरणं अवघड होतं. हात राखेचे असतील तर सरळ नमस्कार करा.

नुसतं नाव सांगून गप्प बसलात की बोलणं तिथंच संपतं. नावाला कामाचा धागा जोडा : “सर, मी अकाउंट्सला, एक्स्पोर्टची बिलं माझ्याकडे असतात. या वेळचा कंटेनर न्हावाशेवाहूनच गेला का?” मग ऐका. पाच मिनिटं पुरे. पगारवाढ आणि अडकलेली फाइल तिथं काढाल तर पुढच्या वेळी माणूस लांबूनच वळेल. निघायला शेंगा चटणी आहेच : “चटणी घेऊन येतो.” दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा व्हॉट्सॲप मेसेज, झालेल्या बोलण्याचा उल्लेख करून. नुसता ‘गुड मॉर्निंग’ नको.