परभणीच्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे बाळ दिवसा नीट झोपत नाही, काय करावे?

या वयात बाळ दिवसरात्र मिळून साधारण 14 ते 17 तास झोपते, परंतु भूक लागत असल्याने ही झोप तुकड्यातुकड्यांत होते, त्यामुळे मध्येच जागे होणे हा दोष मानू नये. जागे होऊन तास व्हायच्या आत, जांभई येताच किंवा नजर दुसरीकडे वळू लागताच निजवावे. रडेपर्यंत थांबल्यास ते अधिक चिडते. मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जात असताना टोपडे, मोजे आणि वर दुपट्याची घट्ट गुंडाळी कशाला? एक सुती झबले पुरते. छाती किंवा मान हाताला घामट लागल्यास कपडे कमी करावेत आणि कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नये. साडीच्या झोळीत बाळ लवकर निजते हे खरे, मात्र तीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून झोप लागताच त्याला सपाट, टणक अंथरुणावर उताणे ठेवावे. मोहरीची उशी आजीने कितीही मायेने शिवलेली असो, ती नकोच. ओव्याची धुरीही नको. बाळ दूध पिण्यासाठीही उठत नसेल किंवा ताप 38 अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त असेल, तर तातडीने बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.