पोळं, मोहोळ आणि मधाची कोठी

प्रश्न असा आला आहे: मधमाशीपालनाची एक पुस्तिका मराठीत करताना पेटीच्या भागांना 'कोठी', 'चौकट', 'तळपाट' हे शब्द वापरावेत, की ते ओबडधोबड वाटतात म्हणून 'मधुकक्ष' वगैरे घडवावेत? आणि 'पोळं' व 'मोहोळ' एकच का?

दुसरं आधी. एकच नाहीत. पोळं रिकामं असू शकतं, मोहोळ नाही. माश्या उडून गेल्या, मेणाची जाळी फांदीला लटकत राहिली, तर आपण 'रिकामं पोळं' म्हणतो. 'रिकामं मोहोळ' कानाला खटकतं. उठतं ते मोहोळ, पिळतात ते पोळं. म्हणूनच आठवणींचंही मोहोळच उठतं.

'मोहोळ'च्या पोटात मधु आहे. संस्कृत 'मधु'चं प्राकृतात 'महु' झालं, त्याचा हा 'मोहो'. मोहाचं झाडही याच घरातलं: मधूक, महुअ, मोह. ज्या मोहात माणूस पडतो तो मात्र 'मुह्' धातूचा, त्याचा मधाशी संबंध नाही. 'पोळं' म्हटलं की कोकणातल्या माणसाला तव्यावरचं जाळीदार पोळंही आठवतं. तव्यावरून उतरलेलं पोळं उजेडात धरून पाहा. दोघांना एकच नाव का, हे मला तरी वेगळं विचारावं लागत नाही.

मेणाची कथा जास्त गमतीची. संस्कृतात मेणाला एक शब्द 'मदन'. त्याचं प्राकृत 'मयण' आणि मराठी 'मेण'. तेव्हा मेणबत्तीत मदन जळतो म्हटलं तरी व्याकरणाला चालेल. मेणाचं दुसरं संस्कृत नाव 'मधूच्छिष्ट', म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलं उष्टं. मेणाची मूर्ती करून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायच्या रीतीला शिल्पशास्त्रात 'मधूच्छिष्टविधान' म्हणतात. मधमाशीचं उष्टं देवाच्या मूर्तीला चालतं, ही बाब सोवळ्याओवळ्याच्या चर्चेत कुणी काढत नाही.

आता पेटी. पोळं, मोहोळ, मेण हे शब्द रानातले. पेटीचे शब्द सुताराकडून आणि कोठारातून आले, कारण पेटीच मुळात नवी. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याच्या १८५१ साली लक्षात आलं, की दोन पोळ्यांमध्ये सुमारे ३/८ इंच फट ठेवली तर माश्या ती बुजवत नाहीत. कमी ठेवली की डिंकासारखा चिकटा भरतात, जास्त ठेवली की मध्येच आणखी पोळं बांधतात. त्या फटीमुळे पोळं न तोडता बाहेर काढता येऊ लागलं, आणि ते धरायला लाकडी चौकट आली.

'चौकट' म्हणजे चतुष्काष्ठ, चार लाकडं. दाराच्या चौकटीत आपण हा अर्थ विसरून गेलो, पण मधपेटीतली चौकट हातात घेतली की तो मोजता येतो: वर एक पट्टी, खाली एक, बाजूंना दोन. वरची पट्टी दोन्हीकडे थोडी पुढे आलेली असते, तिच्यावर चौकट पेटीत लटकते. महाबळेश्वराकडे एका मधपाळाने मला अशी चौकट काढून दाखवली, सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी माश्यांनी झाकलेली. अंगठा आणि तर्जनी त्या दोन टोकांवर, बाकी हात निवांत. "खालची कोठी पिल्लांची, तिला हात नाही लावायचा. वरची मधाची, ती आपली," एवढंच म्हणाला.

त्या वाक्यातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'कोठी' आली 'कोष्ठ'वरून. कोठार, पोटातला कोठा आणि गणितातलं कोष्ठक ही तिची भावंडं. पुढच्या दिवसांसाठी भरून ठेवायची जागा हा तिचा अर्थ, आणि माश्या पेटीत तेच करतात. इंग्रजीत मधाच्या कोठीला 'सुपर' म्हणतात, लॅटिनमधलं 'वर'. म्हणजे फक्त जागा सांगितली. आपला शब्द काम सांगतो. 'मधुकक्ष' म्हटलं की मला रुग्णालयाचा वॉर्ड दिसतो. 'तळपाट' तर अर्थ सांगायची गरजच ठेवत नाही.

पोळ्यातल्या सहाकोनी खणाला 'घर' म्हणा, बिनधास्त. बटणाला काजाचं घर असतं, सोंगटीला पटावर घर असतं, तसं अळीला पोळ्यात. इंग्रजीत त्याला 'सेल' म्हणतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला, त्याला तो मधाच्या पोळ्यासारखा दिसला आणि त्या खणांनाही त्याने 'सेल' म्हटलं. जीवशास्त्रातला शब्द तिथून आला. मराठीने त्यासाठी 'पेशी' घेतला, जो मुळात मांसाचा. त्यामुळे आपल्या शाळेतल्या पेशीत पोळं दिसत नाही. पुस्तिकेत म्हणूनच 'मधाच्या पेशी' असं चुकूनही लिहू नका. भाषांतराच्या यंत्रांकडून ते हमखास येतं.