फरशी सरळ, रेघ तिरकी

प्रश्न : मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पंपाचं छेदचित्र, म्हणजे मधून कापल्यावर आत दिसणारं चित्र, काढते आहे. कापलेल्या भागात तिरक्या रेघा हव्यात म्हणून छोट्या चौकोनात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ काढली आणि तिचा पॅटर्न केला. भरून पाहिलं तर प्रत्येक रेघ ठरावीक अंतरावर उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. कुठे चुकतंय?

उत्तर : कोपऱ्यात. मीही पहिला हॅच, म्हणजे अशा तिरक्या रेघांचं भरण, असाच केला होता आणि दोन तास रेघेलाच दोष देत बसले होते.

भरलेला पॅटर्न दिसायला रेघांचा गठ्ठा असला तरी सॉफ्टवेअरकडे असते एकच फरशी. तीच शेजारी-शेजारी, वर-खाली बसवत जायची. आता तुमच्या फरशीचा वरचा उजवा कोपरा मोठा करून बघा. रेघेला जाडी आहे. तिचा मध्य नेमका कोपऱ्यावर येतो, पण दोन्ही खांदे फरशीबाहेर जातात, एक वरच्या फरशीत आणि एक उजवीकडच्या. त्या फरश्यांच्या त्या कोपऱ्यांत तुम्ही काहीच काढलेलं नाही, म्हणून खांदे छाटले जातात. तीच तुमची कुरतड. उरलेल्या दोन कोपऱ्यांत रेघेचे इवलेसे त्रिकोण काढून काही जण ही खाच बुजवतात. चालतं, पण ते ठिगळ आहे.

त्यापेक्षा फरशीत रेघ आडवीच काढा आणि नंतर पॅटर्नच फिरवा. 20 मिमी लांब, 0.25 मिमी उंच असा काळा आयत घ्या. जाडी दिलेली रेघ नको, भरलेला आयतच हवा, म्हणजे टोकं फरशीबाहेर डोकावत नाहीत. त्याच्याभोवती 20 बाय 3 मिमीचा, कडरेघ नसलेला, पूर्ण पारदर्शक आयत ठेवा. हा न दिसणारा आयत विसरू नका. इंकस्केप फरशीचं माप निवडलेल्या वस्तूंना वेढणाऱ्या चौकटीवरून घेतं. तो नसेल तर फरशी रेघेएवढीच होते आणि सगळा भाग काळाठिक्कर पडतो. आता दोन्ही निवडून ऑब्जेक्ट मेनूतून पॅटर्न, ऑब्जेक्ट्स टू पॅटर्न. पंपाच्या भागात तो भरा आणि 45 अंश फिरवा. 1.3 आवृत्तीपासून फिल अँड स्ट्रोकमध्येच कोनाचा आकडा देता येतो. जुन्या आवृत्तीत नोड टूल घेतल्यावर दिसणारी गोल मूठ कंट्रोल दाबून ओढा.

याचा आणखी एक फायदा म्हणजे अंतर तुम्ही ठरवाल तेच मिळतं. कोपरा-ते-कोपरा पद्धतीत 10 मिमीच्या चौकोनातून रेघांमधलं खरं अंतर 7.07 मिमी निघतं, कारण कर्णाचा हिशेब मध्ये येतो. आडव्या रेघेच्या फरशीत 3 म्हणजे 3.

एवढं करूनही पडद्यावर केसाएवढ्या फटी दिसल्या तर झूम करा. फट तेवढीच बारीक राहिली तर तो पडद्याचा खेळ, छपाईत सहसा उतरत नाही. झूमबरोबर फटही वाढली तर फरशी पुन्हा तपासा.

छपाईवरून एक राहिलं. एका माहितीपुस्तिकेसाठी मी झडपेचा छेद फार नाजूक रेघांनी भरला होता. पानावर तो निम्म्या मापात छापला आणि रेघांच्या जागी मळकट करडा डाग उमटला. 0.25 ची रेघ निम्मी झाली की 0.125 उरते आणि अंतरही निम्मं होतं. तेव्हापासून चित्र छापून किती मोठं येणार हे कळल्याशिवाय मी हॅचला हात लावत नाही.

प्रश्न : आकार मोठा केला की कधी रेघाही जाड होतात, कधी तशाच राहतात. हे ठरतं कशावरून?

उत्तर : निवडीचं टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत चार छोटी बटणं दिसतात. त्यांतलं पॅटर्नचं बटण दाबलेलं असेल तर आकाराबरोबर फरशीही ताणली जाते. चित्र नुसतं रुंदीत दुप्पट केलंत तर 45 अंशांची रेघ 26.6 वर येते आणि छेदचित्र आडवं पडल्यासारखं दिसतं. बटण बंद असेल तर पॅटर्न कागदावरच चिकटलेला राहतो, आकार त्यावरून खिडकीसारखा सरकतो. मी ते बंद ठेवते. एकाच भागाचे दोन तुकडे कापात दिसत असतील तर त्यांच्या रेघा आपोआप जुळतात. शेजारी वेगळा भाग असेल तर त्याचा कोन उलटा घ्या किंवा अंतर बदला, नाहीतर दोन भाग एकच वाटतील.

इलस्ट्रेटर हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी याच गोष्टीसाठी स्केल टूलवर डबल-क्लिक करून ‘ट्रान्सफॉर्म पॅटर्न्स’ची खूण बघावी.

प्रश्न : पडद्यावर हॅच सुंदर दिसतो, पण पेन प्लॉटर, म्हणजे पेनाने कागदावर चित्र काढणारं यंत्र, फक्त बाहेरची कड काढतो. पॅटर्न टू ऑब्जेक्ट्स केलं तर एकच तुकडा हाती आला.

उत्तर : येणारच, फरशी एकच तर होती! प्लॉटरला पेन फिरवायला खरे पाथ, म्हणजे प्रत्यक्ष काढलेल्या रेघा, लागतात, भरण त्याला दिसत नाही. आकारापेक्षा लांब खऱ्या रेघा हव्या त्या अंतरावर काढा आणि पाथ मेनूतून कंबाइन करा. आकाराची एक प्रत त्यांच्यावर ठेवा, दोन्ही निवडा आणि कट पाथ द्या. रेघा कडेवर तुटतील. तुकडे सुटे झाले नसतील तर ब्रेक अपार्ट करा आणि बाहेरचे पुसून टाका. क्लिप करून भागणार नाही. क्लिपने रेघा नुसत्या झाकल्या जातात, आणि प्लॉटर त्या कडेबाहेरही बिनदिक्कत ओढत सुटू शकतो.