‘एक्झिबिशन’ लिहिताना सुरुवातीला एवढे सांभाळा

नव्याने इंग्रजी लिहू लागला आहात, तर ‘एक्झिबिशन’ या शब्दाला बिचकण्याचे कारण नाही. मोजक्या गोष्टी पक्क्या केल्यात की काम भागते.

सर्वाधिक चुका होतात त्या संपूर्ण प्रदर्शन आणि त्यात मांडलेली एक वस्तू यांतील भेद न पाळल्याने. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरले ते ‘ग्रेट एक्झिबिशन’ आणि तेथे लोकांनी गर्दी करून पाहिलेला कोहिनूर हा त्यातला एक ‘एक्झिबिट’. अमेरिकेत मात्र अख्ख्या प्रदर्शनालाही ‘एक्झिबिट’ म्हणतात, त्यामुळे तसे वाचनात आल्यास ती चूक समजू नये. न्यायालयात पुराव्यादाखल सादर झालेला कागद किंवा वस्तू हीदेखील ‘एक्झिबिट’च, आपल्या न्यायालयीन मराठीत तिला ‘निशाणी’ म्हणतात, आणि तेथे ‘प्रदर्शन’ लिहिल्यास अर्थाचा पार बट्ट्याबोळ होतो.

आणखी दोन ठिकाणी नवखे हमखास अडखळतात:

- ‘मेक अॅन एक्झिबिशन ऑफ युअरसेल्फ’ म्हणजे स्वतःची चित्रे मांडणे नव्हे, तर चारचौघांत स्वतःचे हसे करून घेणे. एखाद्या चित्रकाराला शुभेच्छा देताना हा प्रयोग चुकूनही करू नका.
- स्पेलिंगमधला ‘एच’ उच्चारात गळतो, लिहिताना गाळू नये.

ब्रिटिश विद्यापीठांत याच शब्दाला असलेला शिष्यवृत्तीचा अर्थ तूर्त बाजूला ठेवा. वाचन वाढले की तो आपसूक भेटेल.