मजुरी वाढली म्हणून ऑर्डरी जातात का?

प्रश्न : आमच्या वर्गाला बांगलादेशच्या तयार कपड्यांच्या उद्योगावर प्रकल्प करायचा आहे. तिथलं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना ८,००० टक्यांवरून १२,५०० टका झालं. आता कामं व्हिएतनामला जाणार, असं मैत्रिणी म्हणतात. तिथल्या कारखानदारांची खरी स्पर्धा व्हिएतनामशीच आहे ना?
– एक वाचक, वाणिज्य शाखा

उत्तर : व्हिएतनामशी आहेच, पण कारखानदाराचा भाव आधी पाडतो तो शेजारचा कारखाना. मी बरीच वर्षं परदेशी खरेदीदारांसाठी ढाका-गाझीपूरकडून शर्ट-पँटी शिवून घेत होतो. एकच नमुना चार-पाच जणांकडे द्यायचा, दर मागवायचे आणि सगळ्यात कमी आकडा उरलेल्यांच्या कानावर घालायचा. नगामागे पाच सेंटांसाठी दुपार जायची.

या धंद्यात शिरणं तिथे सोपं आहे. परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या (माल पाठवला की पैसे देण्याची त्याच्या बँकेची लेखी हमी) तारणावर बँक कापडासाठी दुसरं पतपत्र उघडून देते. १९७९ मध्ये तिथल्या 'देश गारमेंट्स' या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीकडे सव्वाशेहून जास्त माणसं शिकायला पाठवली. त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. आज विकणारे हजारो आणि मोठे घेणारे मोजके. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये या घेणाऱ्यांनी तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी थांबवल्या किंवा रद्द केल्या. शिवून तयार झालेला मालही त्यात होता. भांडायचं कुणी? पुढच्या हंगामाचं काम त्यांच्याकडूनच यायचं होतं. याचा मला आजही राग येतो. कारण हेच खरेदीदार मनावर घेतात तेव्हा काय होतं, तेही दिसलं आहे : २०१३ मध्ये ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून जास्त जीव गेले, त्यानंतर या खरेदीदारांपैकी अनेकांनी कायद्याने बांधणारा करार केला आणि कारखान्यांच्या इमारतींची तपासणी सुरू झाली.

आता मजुरी. शर्टाच्या निर्यात किमतीत सर्वांत मोठा वाटा मजुरीचा नाही, कापडाचा असतो. टी-शर्टचं होजिअरी कापड बरंचसं तिथेच तयार होतं. शर्ट-पँटचं मोठ्या प्रमाणावर चीनहून येतं. चट्टग्राम बंदरात मोठी जहाजं लागत नाहीत, म्हणून माल सिंगापूर किंवा कोलंबोला उतरवून लहान जहाजांनी आणतात. कापडाला उशीर झाला की शर्ट विमानाने पाठवा, आणि भाडं बहुतेक वेळा कारखानदाराच्या माथी.

अल्पविकसित देशांसाठीच्या सवलतीमुळे युरोपात २००१ पासून या कपड्यांवर आयातशुल्क नाही, आणि २०११ पासून परदेशी कापड नुसतं बांगलादेशात शिवलेलं असलं तरी चालतं. ठरल्याप्रमाणे २४ नोव्हेंबर २०२६ ला बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, तर युरोपची ही सवलत पुढे तीनच वर्षं राहील. म्हणून प्रकल्पात वेतनाच्या तक्त्याआधी कापडाचा तक्ता घाला : कोणत्या कपड्याचं कापड कुठून येतं. आणि वेतनाशेजारी एक रकाना जरूर ठेवा, त्या वर्षी खरेदीदारांनी नगाचा दर किती वाढवला याचा.