ग्रामसभेला माणसं का आली नाहीत

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पाणलोटाच्या (डोंगरउतारावरचं पाणी अडवून जिरवायच्या) प्रोजेक्टवर नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याकडं पोस्टिंग झालं, ग्रामसभा लावली, माणसं मोजकीच आली, आणि तू लिहिलंस की लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. हे वाक्य रिपोर्टमध्ये टाकू नकोस, कळकळीनं सांगतोय.

आधी बघ सभा कधी लावलीस. भात निघालं की तिकडची कितीतरी घरं कुलूप लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, मग माल काढणी, एप्रिलात खरड छाटणी, उक्तं काम असतं आणि पैसा लगेच हातात येतो. आता या दिवसांत तू शिवार फेरी, म्हणजे कामं ठरवायला गावाची जमीन फिरून बघणं, ठेवलीस तर येणार कोण, म्हातारी माणसं आणि सरपंचाच्या जवळचे चार जण, आणि मग बंधारा कुठं घालायचा तेही तेच ठरवणार. सुरगाणा-पेठला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण उतार असा की सगळं पाणी नार-पार, दमणगंगा या नद्यांतून गुजरातकडं निघून जातं आणि उन्हाळ्यात बायांच्या डोक्यावर हंडा. हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीये रे. पाणी मुरवायला डोंगरावर चर खोदायला ते नाही म्हणत नाहीत, पण मजुरी उशिरा आली तर किराणावाला थांबत नाही. 72 च्या दुष्काळातून महाराष्ट्रानं रोजगार हमी उभी केली, 1977 ला कायदा केला, त्यावरूनच पुढं 2005 चा देशाचा कायदा आला, म्हणजे पोट आणि पाणी एकाच कामात बसू शकतं हे आपल्याकडं आधीच कळलेलं होतं. पगार वेळेवर झाला तर लोक आपल्याच डोंगरावर काम करतील, स्थलांतर कुणाला हौस म्हणून करायचं नसतं.

दुसरी बाजू सिन्नरला जाऊन बघ. तिकडं पाऊस कमी. 2016 ला 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली, कल्पना पावसाचं पाणी अडवायची होती, पण खूप ठिकाणी प्लास्टिकचं अस्तर टाकून विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं जातं, अर्थात ज्याच्याकडं अस्तराला आणि मोटारीला पैसा त्याचंच तळं भरतं. त्या घराचं भलं झालं, बाग वाचली, हे खरंय आणि त्याला नावं ठेवू नकोस. पण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, ते एकाच्या तळ्यात उघड्यावर उन्हात आटतंय आणि शेजारची विहीर मार्चमध्ये तळाला. कागदावर लाभार्थी वाढले, गावाचं पाणी वाढलं का हे कोण विचारणार? तू विचार.

आणि नाशिकजवळच्या ओझरला एकदा जाच. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नव्हतं, तिथं 1990 च्या सुमारास बापू उपाध्ये आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या लोकांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घ्यायचं, पट्टी भरायची, पीक कुठलं घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पुढं अख्खा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या हातात आला, आणि 2005 ला राज्यानं सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला तो पण याच दिशेनं. तिथं कालव्याची काळजी घ्या म्हणून कुणाला पोस्टर लावावं लागलं नाही, कारण कुणाला किती मिळणार हे आधी ठरलेलं होतं. माझ्या मते सहभागाची खरी सुरुवात इथंच होते, सह्या घेऊन नाही होत.

अजून एक, चराईबंदीचा ठराव पास करायची घाई करू नकोस. बिनजमिनीच्या घरात चार शेळ्या हीच बँक असते, गायरान बंद केलं की पहिला फटका त्या घराला बसतो, आणि बंधाऱ्याचं पाणी मुरणार तेही विहीरवाल्याच्या शेतात. मग रोपं रात्रीत खाल्ली गेली तर नवल काय. गवत कापून न्यायचा हक्क त्या घरांना आधी लिहून दे, मग बंदीचं बोल. आणि हे बायांना वेगळं बसवून विचार, संध्याकाळी, पाणी भरून झाल्यावर, पुरुषांसमोर त्या बोलणार नाहीत.

आराखडा झाला की फोटो काढून पाठव. बिनजमिनीच्या घरांसाठी त्यात काय लिहिलंयस ते मी सगळ्यात आधी वाचणार आहे, आणि पुढची सभा पावसाच्या तोंडावर लाव, तेव्हा सगळे घरी असतात.

तुझा,
काका